भिंतींची चिकित्सा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रांताविषयीं कळकळ बाळगणाऱ्या सज्जनांशीं मनोरुग्णांची गोष्ट निघाली कीं बहुधा एकच उद्गार ऐकूं येतो : ‘आमच्याकडेही नागपूरसारखें एक मोठें मनोरुग्णालय पाहिजे.’ या उद्गारामागील हेतु निर्मळ आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. भामरागडच्या किंवा सिरोंच्याच्या माणसानें आपल्या भ्रमिष्ट भावाला घेऊन नागपूरपर्यंत कां जावें, हा प्रश्नही रास्तच आहे. तथापि प्रश्न रास्त असला म्हणजे त्याचें पहिलें सुचलेलें उत्तरही रास्त असतें, असें नाहीं. ‘नागपूरसारखें’ आणि ‘मोठें’ या दोन शब्दांवरच आमचा आक्षेप आहे. आणि तो कां, हें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

पुष्कळांची समजूत अशी कीं इमारत हें नुसतें भांडें आहे. औषध चांगलें असलें म्हणजे भांडें कसेंही चालेल. हाड मोडलेल्या माणसाच्या बाबतींत ही समजूत थोडीफार खरी असेल. परंतु ज्याचें मनच बिथरलें आहे, ज्याला आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे असें रात्रंदिवस वाटतें, त्याला उंच भिंतीच्या आंत, गजांच्या खिडकीमागें, पहारेकऱ्याच्या नजरेखालीं ठेवून ‘तुझ्यावर कोणी पाळत ठेवीत नाहीं’ असें सांगणें ही उपचाराची थट्टा होय. मनोरुग्णालयाचा नकाशा म्हणजे विटांनीं लिहिलेलें मत असतें. हा माणूस कोण आहे, याच्यापासून काय भय आहे, आणि हा घरीं परत जाणार आहे कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें पायाची कुदळ पडण्यापूर्वींच कागदावर देऊन ठेवलेलीं असतात. डॉक्टर मागाहून येतो; त्याच्या आधीं भिंत बोलून चुकलेली असते.

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाला ठाऊक होती. त्याच्या किंचित् आधीं, १७८४ सालीं, सम्राट दुसऱ्या जोसेफानें व्हिएन्ना शहरांत वेड्यांसाठीं एक वर्तुळाकार बुरूज बांधविला : पांच मजले आणि मजल्यागणिक २८ कोठड्या. या नकाशाचें मत स्पष्ट होतें. वेडा म्हणजे सांठवून ठेवण्याची वस्तु. १७९१ मध्यें जेरेमी बेंथम यांनीं ‘पॅनॉप्टिकॉन’ची योजना प्रसिद्ध केली. मध्यभागीं एक पहारेकरी, भोंवतीं कोठड्यांचें कडें, आणि कोणावर नजर आहे हें कोणालाच कळूं नये अशी युक्ति. हीच रचना तुरुंग, कारखाना, शाळा आणि वेड्यांचें घर या सर्वांस सारखीच उपयोगी पडेल, असें त्यांनीं ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच जाहीर केलें होतें. कैदी, मजूर, विद्यार्थी व रोगी यांत ज्या बुद्धीला भेद दिसला नाहीं, तिचें कौतुक करणारे आजही आढळतात. आम्हांस त्यांत बसतां येत नाहीं.

याच्या अगदीं उलट टोकाला विल्यम ट्यूक हे चहाचे व्यापारी होते. क्वेकर पंथाच्या या गृहस्थांनीं १७९६ मध्यें यॉर्क येथें ‘रिट्रीट’ नांवाचें घर उघडलें. तें तीसएक रोग्यांपुरतें होतें. तेथें खिडक्यांना गज लावले नाहींत. तावदानांच्या चौकटीच लोखंडाच्या केल्या, म्हणजे धोका टळावा आणि तुरुंगाची कळा मात्र दिसूं नये. ही क्षुल्लक युक्ति नव्हे. आंत बसलेल्या माणसाला बाहेर पाहतांना काय दिसावें, याचा विचार करणारा कोणी तरी प्रथमच भेटला होता. पुढें १८३९ पासून जॉन कॉनोली यांनीं लंडनजवळच्या हॅनवेल येथील शेंकडों रोग्यांच्या अंगावरील साखळ्या, पट्टे व बंधनें काढून टाकलीं आणि १८४७ मध्यें इस्पितळाची बांधणी व कारभार यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बंधनें काढणारा वैद्य बांधणीवर लिहावयास बसतो, यांतलें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

या विचाराचा कळस अमेरिकेंत डॉ. थॉमस किर्कब्राइड यांनीं चढविला. त्यांचा १८५४ मधला ग्रंथ म्हणजे मनोरुग्णालयाच्या वास्तुशास्त्राची संहिताच होय. मध्यभागीं कारभाराची इमारत; तिच्या दोन बाजूंस पंखांसारखे पसरलेले कक्ष, एकीकडे पुरुष व दुसरीकडे स्त्रिया; प्रत्येक कक्ष पुढच्यापासून एक पायरी मागें सरकविलेला, म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही टोकांस उजेड व वारा मोकळा मिळावा. गांवाबाहेर विस्तीर्ण जमीन, शेत, बाग, दृष्टीला विसांवा. रोग्यांची संख्या मात्र अडीचशांहून अधिक असूं नये. कारण मुख्य वैद्याला प्रत्येक रोगी तोंडओळखीनें ठाऊक असलाच पाहिजे.

मग झालें काय? १८६६ सालीं तेथील अधीक्षकांच्या मंडळानें अडीचशांची मर्यादा सहाशांवर नेली. पुढें सरकारांनीं कसलीच मर्यादा पाळली नाहीं. पंख लांबले, खाटा दाटल्या, आणि वारा खेळावा म्हणून आंखलेल्या दालनांत माणसें कोंबलीं गेलीं. यावरून कित्येक पंडित असा निष्कर्ष काढतात कीं इमारतीचा सिद्धान्तच खोटा होता. आमचें मत निराळें आहे. एकट्या इमारतीनें वेड बरें होईल ही किर्कब्राइडांची आशा भाबडी होती खरी. परंतु त्यांच्या नकाशाचा प्राण त्या संख्येंत होता, आणि ती ओलांडतांच प्राण गेला व सांगाडा उरला. मोठेपणा हाच तेथला मारेकरी होय.

आतां स्वदेशाकडे वळूं. आमच्याकडे जें आलें तें ट्यूकांचें घर नव्हतें आणि किर्कब्राइडांचें पंखयुक्त मंदिरही नव्हतें. ब्रिटिश सरकारनें १८५८ सालीं, म्हणजे बंडाचा धुरळा खालीं बसतो न बसतो तोंच, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. नागपूरचें इस्पितळ त्यानंतर सहा वर्षांनीं, १८६४ मध्यें निघालें. रत्नागिरीचें १८८६ मध्यें, आणि ठाण्याचें नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगींतून १९०१ मध्यें. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या संस्थांवर देखरेख कोणाची होती? तुरुंगखात्याच्या महानिरीक्षकांची! ज्या खात्याला भिंत, कुलूप आणि मोजदाद एवढेंच व्याकरण ठाऊक, त्याच्या हातून दुसरी भाषा कशी लिहिली जावी? युरोपांत वेड्यांच्या इमारतीवरून निदान वाद तरी माजला. येथें तुरुंगाचाच नकाशा थोडा खालींवर करून चालविला गेला.

हें आमचें द्वेषमूलक बोलणें नव्हे. भोर समितीच्या वेळीं, १९४६ सालीं, कर्नल मूर टेलर यांनीं देशांतील मनोरुग्णालयें पाहिलीं, आणि त्यांपैकीं बहुतेक कालबाह्य असून बरें करण्यासाठीं नव्हे तर कोंडून ठेवण्यासाठीं बांधलेलीं आहेत असा अभिप्राय दिला. इंग्रजांच्याच अधिकाऱ्यानें इंग्रजांच्याच बांधकामावर दिलेला हा निकाल! तदनंतर स्वराज्य आलें. अर्धें शतक लोटल्यावर, १९९९ मध्यें, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अहवालानें पुनः सांगितलें कीं पाहिलेल्या इस्पितळांपैकीं शेंकडा ३८ इस्पितळें मुळांत होतीं तशीं तुरुंगवजाच उरलीं आहेत, आणि शेंकडा ५७ ठिकाणीं उंच तट उभे आहेत. राज्यकर्ते बदलले, कायदे १९१२, १९८७ व २०१७ असे तीनदां बदलले, ‘पागलखाना’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ अशी पाटी आली. परंतु नागपुरांत चौकाला लोक ‘पागलखाना चौक’च म्हणतात. पाटी सरकार लिहितें, नांव लोक ठेवतात. आणि लोक नांव ठेवतात तें भिंतीकडे पाहून. तेथें आज राबणाऱ्या वैद्यांना व परिचारिकांना आम्ही दोष देत नाहीं. वारशांत मिळालेल्या भिंतींशीं झगडत उपचार करावे लागणें हें त्यांचेंही दुर्दैवच आहे.

येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी या चार जुन्या ठिकाणांच्या मंजूर खाटांचे आंकडे वर्षानुवर्षें २५४०, १८५०, ९४० व ३६५ असे सांगितले गेले आहेत. किर्कब्राइडांच्या मापानें पाहतां यांतलें सर्वांत लहान रत्नागिरीदेखील मर्यादेबाहेरचें ठरतें. आणि आमचे अरण्यप्रांतीय मित्र ‘मोठें’ मागतात!

आतां त्या प्रांताच्या दृष्टीनें पाहूं. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला. त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक प्रदेश अरण्यानें व्यापलेला आहे. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशें किलोमीटरांच्या आसपास. कल्पना करा कीं एटापल्लीच्या बाजूचा एक माडिया तरुण अकस्मात् झोंपेनासा झाला आहे, एकटाच बोलतो, रानांत पळून जातो. पुजाऱ्याकडे जाऊन झालें, कोंबडें-बकरें झालें. शेवटीं घरच्यांनीं उसनवारी करून गाडी केली आणि त्याला नागपुरास नेलें. तेथें त्याची भाषा बोलणारा कोण? हृदयाच्या वैद्याला नळी पुरते; मनाच्या वैद्याचें मुख्य हत्यार संभाषण होय. ज्याचें बोलणेंच समजत नाहीं त्याचें वेड कोणत्या मापानें मोजावयाचें? तो गप्प राहिला तर रोगामुळें राहिला कीं परभाषेच्या भयानें, हें कोणी सांगावें? भाऊ दोन दिवस व्हरांड्यांत काढील. तिसऱ्या दिवशीं धानाची कापणी त्याला परत बोलावील. मग आंतला माणूस बरा झाला तरी त्याला न्यावयास येणार कोण, आणि कशाच्या बळावर? भिंतीनें कोंडलेला माणूस दार उघडलें कीं सुटतो. अंतरानें कोंडलेल्याला उघडावयास दारच नसतें.

‘म्हणूनच तर आमच्याकडे इस्पितळ मागतों,’ असें सज्जन म्हणतील. परंतु गडचिरोलीस हजार खाटांचा तट उभारला, तर भामरागडच्या माणसाला तो नागपूरच्या तटाहून किती निराळा? तेथेंही वाट लांब, तेथेंही व्हरांडा, तेथेंही कापणी. अंतर निम्मे झालें म्हणून भिंतीचें मत बदलत नाहीं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ‘भिंत नसली तर रोगी पळतील, कोणाला इजा करतील.’ उग्र अवस्थेंतील कांहीं रोग्यांस कांहीं दिवस बंदोबस्ताची गरज असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या थोड्या दिवसांचा नियम सर्वांच्या सर्व आयुष्याला लावणें हा कोणता न्याय? आणि बंधन म्हणजे सुरक्षितता, या समजुतीची किंमत देशानें मोजली आहे. तामिळनाडूंत एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. तेथें माणसें साखळदंडांनीं जखडलेलीं होतीं. त्यांतलीं २८ मृत्युमुखीं पडलीं. तीं वेडामुळें मेलीं नाहींत, साखळीमुळें मेलीं.

तिसरा पक्ष याच्या अगदीं उलट. तो म्हणतो, ‘इस्पितळ हवेंच कशाला? आदिवासी गांव आपल्या वेड्याला सांभाळून घेतें. शहरी औषध तेथें नेऊंच नका.’ हें बोलणें कानाला गोड लागतें, पण खोटें आहे. अरण्यालाही वगळण्याची कला येते. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला ज्या गांवाबाहेरच्या ‘कुर्माघरां’त राहावें लागतें, तें देशी वास्तुशास्त्रच आहे, म्हणून काय तें स्तुत्य झालें? भ्रमिष्टाला खुंट्याला बांधणें किंवा त्याच्या वेडाचा दोष एखाद्या म्हातारीच्या जादूटोण्यावर टाकणें, या गोष्टी मोठी भिंत नसलेल्या गांवांतही घडतात. राज्यानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगीच नव्हे. ज्या रोगावर गोळी आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. गांवाच्या भोळ्या स्तुतीनें रोग्याची झोंप परत येत नाहीं.

मग मार्ग कोणता? तो शोधण्यास व्हिएन्नास किंवा अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. याच दोन जिल्ह्यांनीं तो अन्य रोगांच्या बाबतींत दाखविलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं १९५१ मध्यें आनंदवन वसविलें. कुष्ठरोगी हा वेड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तटाबाहेर टाकलेला माणूस. त्यासाठीं कोंडवाडा न बांधतां ओसाड जमीन रोग्यांच्याच हातीं दिली गेली. त्यांनींच विहिरी खणल्या, घरें उभारलीं, शेतें पिकविलीं. ज्या नकाशावर रोग्याचें स्वतःचें खोरें फिरलें, त्यांत तो कैदी कसा राहील?

दुसरें उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें शोधग्राम येथें दवाखाना काढण्यापूर्वीं लोकांसच विचारलें कीं तुम्हांला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीचें भय वाटतें, आप्तांना रोग्याजवळ राहूं देत नाहींत, असे अनुभव लोकांनीं सांगितले. म्हणून तेथें टोलेजंग इमारत न उठवितां झोंपड्यांसारख्या घरांचें गांवच वसविलें, रोग्याबरोबर त्याच्या माणसांस राहण्याची सोय केली, आणि दवाखान्याला लोकांच्या देवीचें, दंतेश्वरीचें, नांव दिलें. रोग्याला नकाशा विचारणें ही एवढी साधी गोष्ट. पण एकोणिसाव्या शतकांतल्या थोर थोर वास्तुशास्त्र्यांना ती सुचली नाहीं. ट्यूकांनीं रोग्याच्या खिडकीचा विचार केला. शोधग्रामांत रोग्याच्या भावाच्या चुलीचा विचार झाला.

मनोरुग्णांच्या बाबतींत हें जमणार नाहीं म्हणणाऱ्यांनीं बेल्जमांतील गील या गांवाकडे पाहावें. तेथें शतकानुशतकें मनोरुग्ण गृहस्थांच्या घरीं कुटुंबांतल्यासारखे राहत आले. १९३८ च्या सुमारास त्यांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक होती. गांव उद्ध्वस्त झालें नाहीं.

कायदाही आतां आमच्या बाजूस आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलांत आला. रोग्याला कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधण्यास त्यानें मनाई केली. घरचे घेत नाहींत, घर नाहीं, किंवा बाहेर राहण्याची सोय नाहीं, एवढ्याच कारणानें कोणालाही इस्पितळांत ठेवतां येणार नाहीं, असें सांगितलें. जिल्ह्यांत सरकारी सेवा न मिळाल्यास दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारवर टाकला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९८२ चा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्याच वयाचा. बेळ्ळारी जिल्ह्यांत १९८५ पासून त्याचा जिल्हापातळीवरील प्रयोग झाला आणि १९९६ मध्यें जिल्हा कार्यक्रम देशांत सुरू झाला. चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हां ‘साधन नाहीं’ ही सबब जुनी झाली.

आमची मागणी स्पष्ट आहे. या दोन जिल्ह्यांत एकही मोठें मनोरुग्णालय बांधूं नये. त्याऐवजीं तालुक्याच्या ठिकाणीं, चालत्या दवाखान्याच्याच आवारांत, दहा-पंधरा खाटांचें एकेक घर असावें. मध्यें अंगण, भोंवतीं ओसरी. प्रत्येक रोग्यामागें एका आप्ताला झोंपण्यास जागा आणि स्वयंपाकास चूल. उग्र रोग्यासाठीं एक शांत खोली, जिच्या खिडकींतून झाड दिसेल आणि जिच्या दारापाशीं माणूस बसेल, कुलूप नव्हे. माडिया, गोंडी व तेलुगु बोलणारी माणसें पगारी नोकर म्हणून नेमलेलीं असावींत. झाडू मारतां मारतां दुभाष्याचें काम करणारीं नव्हेत. तज्ज्ञ डॉक्टर ठरलेल्या वारीं यावा, आणि गोळ्या खेड्याच्या आरोग्यकेंद्रांत कधींही संपूं नयेत. ज्यांना खरोखरच घर उरलें नाहीं त्यांच्यासाठीं गांवांतच लहान बिऱ्हाडें असावींत, गांवाबाहेर वसाहत नव्हे. नकाशा काढण्यापूर्वीं जे रोगी एकवार बरे होऊन आले आहेत त्यांस बोलावून विचारावें. त्यांच्याइतका या विषयांतला जाणकार वास्तुशास्त्री दुसरा नाहीं.

यास खर्च अधिक लागेल, असें कोणी म्हणेल. लागो. तटाला लागणारा पैसा वांचेल, तो इकडे वळवावा. देखरेख कठीण पडेल, असेंही कोणी म्हणेल. पडेल खरी, विखुरलेल्या घरांवर नजर ठेवणें एका बुरुजावरून होत नाहीं, त्यासाठीं माणसांना चालावें लागतें. पण सोयीचा प्रश्न कारभाऱ्यांचा आहे, रोग्यांचा नव्हे. आणि आजवरचे सगळे नकाशे कारभाऱ्यांच्या सोयीनें निघाले म्हणूनच हा लेख लिहावा लागला.

चंद्रपूरकरांस भिंतीचें माहात्म्य नव्यानें सांगावयास नको. गोंड राजांचा परकोट त्यांच्या शहराभोंवतीं अजून उभा आहे. परंतु त्या परकोटाविषयीं बोलतांना गांवचा माणूस भिंतीची उंची सांगत नाहीं. तो जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर अशीं दरवाजांचीं नांवें घेतो. त्याचा रोजचा व्यवहार दरवाजाशीं असतो. अरण्यप्रांताच्या मनोरुग्णांसाठीं जो कोणी उद्यां नकाशा काढावयास बसेल, त्यानें प्रथम घरीं परत जाण्याचें दार आंखावें, आणि त्या दारापासून भामरागडपर्यंतची वाट. एवढें झाल्यावर कागदावर जागा उरली तर भिंतीचा विचार करावा.